राजा जिंजीला, कारभार विशाळगडावर

फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली, आणि नोव्हेंबरात रायगड पडून येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा, राजधानी आणि वारस एका वर्षाच्या आत हातचे गेले. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत औरंगजेबाने दक्षिणेतली दोन जुनी राज्ये बुडवली होती. सप्टेंबर १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहा शरण आला आणि विजापूर संपले. पुढच्या सप्टेंबरात गोवळकोंड्याचा दरवाजा फितुरीने आतून उघडला गेला, अबुल हसन कुतुबशहा कैद झाला आणि तेही राज्य संपले. दोघांपाशी फौज होती, खजिना होता, दीडशेहून अधिक वर्षांचा मुरलेला कारभार होता. मराठ्यांपाशी १६८९ च्या अखेरीस यांतले फारसे काही उरले नव्हते. तरीही १७०७ साली अहमदनगरजवळ औरंगजेब मेला तेव्हा मराठी फौजा माळव्यात आणि गुजरातेत पोचून आल्या होत्या. याचे कारण आपण बहुधा शौर्यात शोधतो. शौर्य होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण शौर्य विजापूरच्या तटावरही होते. फरक पडला तो त्या दहा-बारा वर्षांत धुरा वाहणाऱ्यांनी निर्णयाचा अधिकार जाणूनबुजून वाटून टाकला म्हणून, असे मला वाटते. एक माणूस, एक गड किंवा एक खजिना गेला की सारे संपावे, अशी स्थिती त्यांनी राहू दिली नाही. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली, आणि ती थोडी नव्हती.

या सगळ्याची सुरुवात येसूबाईंनी केली, आणि त्यांच्या वाट्याला इतिहासाने जेवढे श्रेय दिले त्याहून बरेच अधिक त्यांचे आहे. नऊ वर्षांपूर्वी, १६८० मध्ये, सोयराबाई आणि काही प्रधानांनी संभाजी महाराजांना डावलून त्यांच्या दहा वर्षांच्या सावत्र भावाला, राजारामांना, गादीवर बसवले होते. त्या कटाची आणि नंतरच्या शिक्षांची आठवण रायगडावर कोण विसरले असणार? नवरा शत्रूच्या कैदेत, स्वतःचा मुलगा समोर, आणि तरी येसूबाईंनी पुढे केले ते राजारामांना. मुलाच्या नावाने कारभार हाती घेण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही, आणि त्याहून अवघड असा दुसरा निर्णय घेतला. गडाला वेढा पडत असताना सगळ्यांनी एकाच ठिकाणी राहू नये, राजारामांनी बाहेर पडावे, आपण मुलासह मागे राहून गड लढवू, असे त्यांनी ठरवले. एप्रिलमध्ये राजाराम प्रतापगडाकडे निघाले. पुढे सात-आठ महिन्यांनी रायगड गेला तेव्हा मोगलांच्या हाती सिंहासनाची जागा लागली, राजा लागला नाही. येसूबाईंची मात्र त्यापुढची तीस वर्षे कैदेत गेली.

प्रतापगडावरून पन्हाळा आणि पन्हाळ्यावरून जिंजी असा राजारामांचा प्रवास झाला. सप्टेंबरच्या अखेरीस वेशांतर करून निघालेली ती मंडळी बेदनूरच्या मुलखातून गेली, तिथल्या राणी चेन्नम्मांनी त्यांना वाट दिली, आणि वेलोरमार्गे ती नोव्हेंबरात जिंजीला पोचली. जिंजीची निवडही आंधळी नव्हती. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट असलेला तो किल्ला १६७७ साली शिवाजी महाराजांनी घेऊन मजबूत केला होता. पण राजा इतक्या लांब गेला की मागे एक रोकडा प्रश्न उरतो. जिंजी आणि सह्याद्री यांच्यामध्ये शत्रूचा मुलूख पसरलेला. पत्र जायला आणि उत्तर यायला लागणारा वेळ धरला तर कोणता गड कुणी कधी घ्यायचा, कोणत्या देशमुखाला काय आश्वासन द्यायचे, हे राजाला विचारून ठरवणे शक्यच नव्हते. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपनाह हा किताब देऊन मागच्या मुलखाचा जवळजवळ राजाइतका अधिकार सोपवला गेला. ते विशाळगडावरून कारभार पाहू लागले. त्यांच्या हाताखाली परशुराम त्रिंबक आणि शंकराजी नारायण, आणि फौजेच्या बाजूला संताजी घोरपडे व धनाजी जाधव. मे १६९० मध्ये याच मंडळींनी साताऱ्याजवळ रुस्तुमखान या मोठ्या मोगल सरदाराला कुटुंबासह पकडले. शंकराजींनी राजगड आणि तोरणा परत मिळवले, परशुरामपंतांनी १६९२ मध्ये पन्हाळा घेतला. यांपैकी एकाही मोहिमेला राजा जवळ नव्हता.

जिंजीत राजाने काय केले, असे कुणी विचारील. त्याने मुख्यतः शत्रूला तिथे अडकवून ठेवले. झुल्फिकारखान, वजीर असदखान आणि खुद्द शहाजादा कामबक्ष ही मातब्बर माणसे वर्षानुवर्षे एका किल्ल्याभोवती घोटाळत राहिली. १६९२ च्या अखेरीस संताजी-धनाजी खाली उतरले तेव्हा मोगल छावणीत असा गोंधळ माजला की कामबक्षाचे मराठ्यांशी संधान असल्याच्या संशयावरून असदखान आणि झुल्फिकारखानाने त्यालाच कैद केले आणि वांदिवाशपर्यंत माघार घेतली. किल्ला पडला १६९८ मध्ये, आणि तोवर राजाराम निसटले होते. या काळातली पैशाची ओढाताण किती होती हे एका व्यवहारावरून दिसते. कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला १६९० मध्ये मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला विकला, आणि किल्ल्याबरोबर तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची जमीन देण्याचे ठरले. मद्रासच्या गव्हर्नराने, एलिहू येलने, त्यासाठी चांगली लांब पल्ल्याची पितळी तोफ धाडली, वेगवेगळ्या दिशांना गोळे डागले गेले, आणि गोळे पडले तिथपर्यंतची गावे कंपनीची झाली. तमिळ मुलखात त्या गावांना गोळ्याची गावे हेच नाव पडले. तेगनापट्टणचा हाच किल्ला म्हणजे इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड. विकणाऱ्यांना पुढचे शतक दिसत नव्हते. त्यांना फौजेचा खर्च दिसत होता, आणि तो भागवला नसता तर पुढचे वर्षही दिसले नसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. मराठे टिकले ते औरंगजेबाच्या चुकांमुळे. म्हातारा बादशहा हट्टाने दक्षिणेत बसला, त्याचे सरदार एकमेकांवर जळत होते, जहागिरीचा पैसा हाती पडत नव्हता. हे सगळे खरे आहे. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी असलेला भीमसेन सक्सेना याने या दुरवस्थेबद्दल लिहून ठेवले आहे, आणि तो आतला माणूस होता. पण बादशहा तोच, सरदार बहुतेक तेच, आणि विजापूर-गोवळकोंड्यापुढे त्यांचे हेवेदावे काही वेगळे नव्हते. तिथे सुलतान हाती आला की उमराव दुसऱ्या दिवशी मोगली मनसबीसाठी रांगेत उभे राहत, कारण राज्याच्या नावाने त्यांच्याशी बोलायला मागे कुणी उरलेच नव्हते. शत्रूच्या चुकांचा फायदा घ्यायलाही कुणीतरी जागेवर असावे लागते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. हे लोकयुद्ध होते, रयत आणि मावळे आपापल्या बळावर लढले, त्यात नेतृत्वाचा प्रश्न येतोच कुठे? या म्हणण्यात भावना चांगली आहे, पण त्या काळचे वतनाचे कागद पाहिले की चित्र इतके सरळ राहत नाही. अनेक देशमुख एकाच वेळी मोगलांच्या आणि मराठ्यांच्या सनदा जवळ बाळगून होते. सरदार इकडून तिकडे जात, पुन्हा परत येत. नागोजी मान्यांसारख्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. परत येणाऱ्याला काय मिळेल, जुना गुन्हा माफ होईल का, वतन राहील का, याचे उत्तर देणारा आणि ते उत्तर शिक्क्यानिशी पाळणारा कुणी हवा होता. विशाळगड तेच काम करत होता. उत्तर देणारा कुणी नसता तर हीच माणसे आदिलशाही उमरावांच्या वाटेने गेली असती, असे मला वाटते.

आता किमतीकडे वळतो, कारण इथे या काळाचे कौतुक करणारे घाईने पुढे सरकतात. शिवाजी महाराजांचे धोरण रोख पगाराचे होते. सरदाराला मुलूख तोडून देणे त्यांनी कटाक्षाने टाळले. १६८९ नंतर रोख नव्हतीच, आणि औरंगजेब मराठा सरदारांना वतने देत सुटला होता. राजारामांनी त्याच्याशी स्पर्धा केली. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनपत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली घेतल्यावर मिळायच्या रकमा टप्प्याटप्प्याने लिहिल्या आहेत. ज्या राजापाशी धड राजधानी नाही तो दिल्ली घेतल्यावरचा हिशेब लिहून देतो, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. पण त्याच लेखणीने सरदाराचा मुलूख त्याच्या घराण्याचा होत चालला, हेही तितकेच खरे. अधिकार वाटला की वाटेकऱ्यांतले भांडण मिटवायला कुणी लागतो, आणि तिथे ही व्यवस्था सपशेल कमी पडली. कासिमखान आणि हिम्मतखान या दोन मोगल सेनानींना १६९५-९६ च्या त्या दोन-तीन महिन्यांत धुळीला मिळवणारे संताजी त्याच वर्षी धनाजींशी आणि खुद्द राजारामांशी लढले. त्यांचे सेनापतिपद गेले, आणि १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून ते मारले गेले. मोगलांना सात वर्षांत जे साधले नाही ते आपसातल्या वैराने एका दिवसात केले. जिंजीत बसलेल्या राजाला दोन्ही सरदार हवे होते, आणि दोघांपैकी एकालाही आवरण्याइतका जोर त्याच्यापाशी उरला नव्हता.

तरीही या व्यवस्थेची खरी परीक्षा मार्च १७०० मध्ये झाली. सिंहगडावर राजाराम वारले तेव्हा औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला होता, आणि एप्रिलमध्ये तो गड त्याला मिळाला. अकरा वर्षांत दुसरा राजा गेला होता, आणि मागे उरलेल्या त्यांच्या पत्नी ताराबाई जेमतेम पंचविशीच्या होत्या. पण १६८९ सारखी पळापळ या वेळी झाली नाही. त्यांनी आपल्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि गडांबद्दल एक नवाच हिशेब मांडला. बादशहा परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकामागून एक गड घेत राहिला. प्रत्येक गडाचा किल्लेदार वेढा जमेल तितका लांबवी, आणि बहुतेक ठिकाणी अखेर पैसे घेऊन गड सोडून देई. त्या अवधीत फौजा बाहेर बादशाही मुलखात हिंडत. १७०६ मध्ये धनाजी गुजरातेत उतरले. बादशहाची पाठ वळली की गड पुन्हा मराठ्यांकडे येऊ लागले. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, मराठ्यांबद्दल त्याला प्रेम नव्हते. पण ताराबाईंनी सरदारांची मने कशी जिंकली आणि मराठ्यांचे बळ कसे वाढत गेले हे त्यालाही लिहावे लागले.

मे १७०७ मध्ये मोगलांनी शाहूंना सोडले. अधिकार वाटून घेतलेल्या माणसांनी आता कुणाकडे जायचे तेही आपापले ठरवले. ऑक्टोबरात ताराबाईंच्या फौजेशी झालेल्या खेडच्या लढाईत धनाजी शाहूंकडे गेले, रामचंद्रपंत ताराबाईंकडे राहिले. त्याच रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांबद्दल सावधगिरीचा इशारा आहे, आणि सेवेच्या बदल्यात जमिनी कायमच्या तोडून देऊ नयेत असे बजावले आहे. ज्यांनी त्या दहा वर्षांत स्वतः अशा सनदा करून दिल्या त्यांनीच हे सांगितले, म्हणून त्याला वजन आहे. हा उपदेश कोल्हापूरच्या दरबारासाठी होता. १७३१ मध्ये वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये रीतसर वेगळी झाली. सरदारांना तोडून दिलेला सरंजाम मात्र दोन्हीकडे कुणी परत घेऊ शकले नाही.