पन्नास एमएमची गोष्ट: तोफखान्यातल्या गणितापासून दहा बाय दहाच्या खोलीपर्यंत

रविवारी सकाळी वसई किल्ल्यात गेलात तर भिंतीभिंतीपाशी कुणी ना कुणी फोटो काढत असतं. त्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: किट लेन्सवर भागत नाही, मग पोर्ट्रेटसाठी स्वस्तातली कुठली प्राइम लेन्स घेऊ?

उत्तर एका ओळीचं आहे: पन्नास एमएम, एफ १.८. मग भाग कशाला केला? कारण ही लेन्स इतकी स्वस्त का आणि तिच्यातून आपण नेमकं काय विकत घेतो, हे कळायला १८४० सालच्या व्हिएन्नात जावं लागतं. वाटेत आपली मुंबईही लागते.

आधी दोन शब्द. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. जवळचं हवं असेल तर पायांनी पुढे जायचं. आणि एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं, तितका उजेड जास्त. किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते. तिच्यापेक्षा एफ १.८ सुमारे साडेनऊ पट उजेड आत घेते. म्हणजे ट्यूबलाइटखाली किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर हिला दीडशेवा भाग पुरतो. हललेला फोटो आणि स्वच्छ फोटो यातला फरक तो हाच.

आता १८३९. पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि जगाला फोटोग्राफी मिळाली. पण तेव्हाची लेन्स साधारण एफ १५ ची. इमारतींना चालायचं, त्या हलत नाहीत. माणसाला मात्र उन्हात कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागायचं. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंत कुणी हसत का नाही, याचं एक कारण हेही आहे.

व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेटझ्वाल यांनी हा प्रश्न हातात घेतला. तोवर लेन्स बनवणारे बरंचसं अंदाजानं, काच घासून घासून पुढे जायचे. पेटझ्वालनी आधी गणित मांडलं. प्रत्येक किरण प्रत्येक काचेतून कसा वळेल याची आकडेमोड अफाट होती, म्हणून आर्चड्यूक लुडविगनं तोफखान्यातली गणित जाणणारी माणसं त्यांच्या मदतीला दिली. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर होता, फक्त माणसांचा होता. १८४० मध्ये तयार झालेली लेन्स एफ ३.६ च्या आसपासची होती. जुन्या लेन्सच्या सुमारे सतरा पट उजेड! जिथं दहा मिनिटं लागत, तिथं नुसत्या लेन्समुळे काम अर्ध्या मिनिटाच्या जरा वर आलं.

ही लेन्स फॉइग्टलेंडर कंपनीनं बनवली आणि ती जगभर खपली. पेटझ्वालना मिळाला एकरकमी मोबदला, आणि पुढे दोघांचं बिनसलं ते कायमचं. लेन्समध्ये खोटही होती: मधोमध चेहरा कडक, कडेला सगळं विरघळलेलं. गंमत म्हणजे २०१३ मध्ये लोमोग्राफी कंपनीनं हीच रचना नव्यानं काढली आणि लोकांनी ती त्या विरघळलेल्या कडेसाठीच विकत घेतली.

या सगळ्यात मुंबई फार मागे नव्हती. १८५४ मध्ये इथं बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याचं म्युझियम आज ज्यांच्या नावानं आहे, तेच. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही कॅमेरा हातात घेतला. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ टाकला आणि भरपूर पोर्ट्रेट काढली. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता, असं नाही.

पण कॅमेऱ्यासमोर कोण बसत होतं? ज्याच्या खिशाला परवडेल तो, किंवा ज्याला कुणीतरी आणून बसवलं तो. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकारानं १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. विषय होता मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमाती. यातल्या चित्रांची युक्ती ऐका. माणसांचे फोटो वेगळे काढले, त्यांच्या आकृती वेगळ्या केल्या आणि मागे दुसरंच दृश्य जोडलं. फोनमधला पोर्ट्रेट मोड २०१६ च्या आयफोन ७ प्लसनंतर घराघरात गेला. तोही माणूस वेगळा काढून मागचा भाग हिशोबानं धूसर करतो. केसांच्या कडेला कधीकधी त्याची कात्री चुकते. लेन्सचं तसं नाही. मोठ्या भोकातून येणारा उजेड एकाच अंतरावर नीट जुळतो आणि बाकीचं आपोआप मऊ पडतं.

जॉन्सनच्या पुस्तकातली दुसरी गोष्ट मला जास्त लागते. फोटोखाली समाजाचं नाव असतं, माणसाचं नसतं. चेहरा टिकला, पण तो कुणाचा हे गेलं. फोटो चांगला आहे, पण त्याला पोर्ट्रेट म्हणायचं का?

आता पन्नास एमएमकडे. १८९६ मध्ये झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी प्लानार नावाची लेन्स रचली: सहा काचा, मध्ये भोक, दोन्ही बाजू जवळपास एकमेकींच्या आरशातल्या. रचना उत्तम, पण हवा आणि काच भेटतात त्या प्रत्येक जागी थोडा उजेड परत फिरायचा आणि फोटो फिका पडायचा. १९३५ मध्ये झाइसमधल्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची पद्धत काढली आणि ही अडचण बरीच सुटली. दरम्यान १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला तो पन्नास एमएम लेन्स घेऊन, आणि छोट्या फिल्मसाठी पन्नास हा नेहमीचा आकडा ठरून गेला.

मग स्वस्त का? एक, एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा हलायला जागा लागते. कॅननमध्ये लेन्स बसते ती कडा आणि फिल्म यांत ४४ मिलिमीटर अंतर, निकॉनमध्ये ४६.५. पन्नासची लेन्स या जागेत सहज बसते. वाइड लेन्सला तिथं जास्तीच्या काचा घालाव्या लागतात. दोन, रचना जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. तीन, फिल्मच्या काळात कॅमेऱ्याबरोबर हीच लेन्स मिळायची, त्यामुळे त्या अमाप बनल्या. कॅननची ५० एमएम एफ १.८ ऑटोफोकसमध्ये १९८७ ला आली, १९९० मध्ये प्लास्टिक अंगाची झाली आणि २०१५ मध्ये एसटीएम मोटर घेऊन आली. आज नवी घेतली तरी दहा-बारा हजारांच्या आसपास मिळते. ज्या गणितासाठी आर्चड्यूककडून माणसं मागावी लागली, त्याच्या पुढच्या पिढीचं फळ एका साध्या फोनच्या भावात.

आता खरेदीचं बोलू. आपले बहुतेक कॅमेरे छोट्या सेन्सरचे, एपीएस-सी. त्यावर पन्नासची चौकट कॅननला ८० आणि निकॉन, सोनीला ७५ एमएमसारखी दिसते. पोर्ट्रेटला झकास! पण जागा मोजा. उभ्या चौकटीत कंबरेपासून डोक्यापर्यंत माणूस घ्यायचा तर साधारण सव्वादोन मीटर मागे जावं लागतं. उभा अख्खा माणूस हवा तर चार मीटरच्या वर. नालासोपारा किंवा विरारच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंत आड येते. घरातच जास्त फोटो काढणार असाल तर ३५ एमएम एफ १.८ बघा. तिला अर्ध्या माणसासाठी दीड मीटर पुरतो. किल्ला, अर्नाळ्याचा किनारा, अंगण असेल तर पन्नासच.

माउंट तपासा. निकॉनची जुनी एफ १.८ डी लेन्स स्वस्त दिसते, पण तिच्यात मोटर नाही. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर फोकस हातानं करावा लागतो. कॅननच्या आर मालिकेवर जुनी ईएफ लेन्स अडॅप्टरशिवाय बसत नाही, तिथं आरएफ पन्नास घ्या.

फोर्टात बोरा बाजारला सेकंडहँड घ्यायला जाणार असाल तर टॉर्च न्या. लेन्समधून उजेड पाडून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आणि शेवटचं. आपल्याकडे कुणी गेलं की बॅनरसाठी घाईघाईनं फोटो शोधतात आणि अनेकदा आधारकार्डावरचाच मोठा करतात. आपल्या गावांतल्या लाल लुगड्यातल्या कुपारी आज्या, वाडीत राबलेले आजोबा, पहाटेच्या लोकलनं चाळीस वर्षं गेलेले बाबा, यांचा धड एक फोटो घरात नसतो. महागडी ८५ एमएम घेईन तेव्हा काढीन म्हणून थांबू नका. आजीला खिडकीपाशी बसवा, भोक एफ २ किंवा २.८ वर ठेवा म्हणजे दोन्ही डोळे फोकसमध्ये येतील, जवळच्या डोळ्यावर फोकस धरा आणि तिला बोलतं करा. पूर्वीसारखं पुतळा होऊन बसायची गरज आता तिला नाही.

आणि फाइलला तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख द्या. हे काम लेन्स करत नाही, कुठलीच. भेटू पुढच्या भागात!