बुलडोझरच्या छायेतील अध्यात्म

सोव्हिएत संघात १९३०च्या दशकात समाजवादी वास्तववाद ही कलेची एकमेव अधिकृत शैली ठरली. कामगार, शेतकरी आणि नेते यांच्या चित्रांना राजाश्रय मिळाला. ईश्वर व मृत्यूविषयीचे चिंतन वर्ज्य झाले. १९५३ मध्ये स्टालिनच्या निधनानंतर मॉस्कोतील काही चित्रकारांनी नेमके हेच चिंतन खासगीत सुरू केले.

व्लादिमीर वाइसबर्ग यांनी शुभ्र वस्तू शुभ्र पार्श्वभूमीवर रंगवून दृश्य-अदृश्याची सीमा शोधली. एडुआर्ड श्टाइनबर्ग यांनी मालेविचच्या भूमितीला क्रूस, धरती व आकाशाचा अर्थ दिला. मिखाईल श्वार्त्समन यांनी प्राचीन रशियन धर्मचित्रांच्या प्रेरणेतून ‘हिएराटुरा’ ही चिन्हभाषा घडविली. तिघांच्याही चित्रांत राजकीय घोषणा नव्हत्या. तरीही राज्याने नाकारलेल्या प्रश्नांना त्यांत स्थान होते.

अनधिकृत कलेवरील रोष १५ सप्टेंबर १९७४ रोजी उघड झाला. मॉस्कोच्या बेल्यायेवो भागात मोकळ्या मैदानावर मांडलेले प्रदर्शन बुलडोझर घालून उधळण्यात आले. जगभर टीका होताच दोन आठवड्यांत इझमाइलोवो उद्यानात प्रदर्शनास परवानगी द्यावी लागली. संयोजकांपैकी ऑस्कर राबिन यांचे नागरिकत्व मात्र १९७८ मध्ये हिरावले गेले.

या चळवळीतील हजारो कलाकृती आता अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या झिमर्ली संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.