शिरूर गर्भाशय-शस्त्रक्रिया प्रकरण (१९९४)

पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे मतिमंद मुलींचे शासकीय वसतिगृह होते. तेथील किमान ११ मुली व तरुणींची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी ओरड केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे शस्त्रक्रियांसाठी दिलेले कारण. मात्र मुली गळफास घेतील या धास्तीने वसतिगृहात नाडीचे कपडे देत नसत, असे त्या वेळच्या लेखनात नमूद आहे; मग पॅड जागेवर राहणार कसे? योग्य कपडे आणि मनुष्यबळ यांची उणीव शस्त्रक्रियेने भरून काढली गेली. दुसरे कारण दबक्या आवाजात सांगत: अत्याचार झालाच, तर निदान दिवस तरी जाणार नाहीत. गर्भाशय काढून अत्याचार टळत नाही. जिला बोलून सांगता येत नाही, तिच्या बाबतीत तो उघडा पाडणारी खूण तेवढी नाहीशी होते. मुलीचे ‘रक्षण’ करताना तिला लाज, ओढ, आवडनिवड असेल, हे कोणी धरून चाललेच नाही.

तीव्र बौद्धिक अपंगत्वात संमती घ्यायची कोणाची, आणि वर्षानुवर्षे मुलीचे सारे एकटीने करणाऱ्या आईने काय करावे, हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण आईला हवा असतो तो मदतीचा हात, आणि तो न देता तिच्यापुढे शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवणे सरकारला स्वस्त पडते. शिवाय ‘मतिमंद’ या एका शिक्क्याखाली फार वेगवेगळ्या क्षमतेच्या व्यक्ती येतात. धीराने शिकवले तर अनेकींना पाळी सांभाळता येते, आणि स्वतःची इच्छाही सांगता येते. चंडीगडच्या शासकीय आश्रयगृहात बलात्कारातून गरोदर राहिलेल्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीला मूल हवे होते. तेथील उच्च न्यायालयाने दिलेला गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रोखला आणि तिची इच्छा ग्राह्य मानली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १० माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई करते. कलम ९२ मध्ये मात्र तीव्र अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती पुरते. कलम १० सरकारवर माहिती पुरवण्याचे बंधन घालते, तेही प्रजनन आणि कुटुंबनियोजन यांपुरतेच. शरीरसुख, जोडीदाराची निवड किंवा समलिंगी ओढ यांविषयी ते काही बोलत नाही.