मिस्सेविना नाताळ

१९०७ सालच्या नाताळच्या दिवशी सहारा वाळवंटातील तामनरासेत येथे एका धर्मगुरूला पवित्र मिस्सा अर्पण करता आली नाही. वेदी होती, गुरू होता. नव्हता तो दुसरा ख्रिस्ती माणूस. मिस्सेला उत्तरे देण्यास निदान एक जण हजर असलाच पाहिजे, असा त्या काळी ख्रिस्तसभेचा दंडक होता आणि त्या वस्तीत चार्ल्स द फुको हे एकटेच ख्रिस्ती होते.

आपली प्रार्थना बहुधा मेळ्याची असते. तिन्हीसांजेची रोझरी, नोव्हेना, सणाची मिस्सा. शेजारी कोणीतरी असतोच. त्यामुळे एकट्याची प्रार्थना म्हणजे जगाकडे फिरवलेली पाठ, असा समज सहज होतो. फुको यांचे चरित्र तो समज टिकू देत नाही.

१८५८ साली स्ट्रासबर्ग येथे जन्मलेल्या या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने तारुण्यातच श्रद्धा गमावली होती. १८८६ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या संत ऑगस्टीन चर्चमध्ये ते फादर हुव्हेलिन यांच्याकडे धर्माविषयी जाणून घेण्यास गेले. फादरांनी चर्चा केलीच नाही. गुडघे टेकून पापनिवेदन करा, एवढेच सांगितले. पुढे ट्रॅपिस्ट मठ, मग नाझरेथला धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटच्या आवारात अवजारांच्या खोपटातील मुक्काम आणि तासन्‌तास मौन आराधना. १९०१ मध्ये गुरुदीक्षा घेऊन ते अल्जीरियातील बेनी अब्बेसला आले. एकांतासाठी बांधलेल्या त्या झोपडीचे दार गोरगरीब, वाटसरू आणि गुलाम दिवसभर ठोठावीत. तेथील गुलामगिरीविरुद्ध त्यांनी आपल्या वरिष्ठांना कळकळीने लिहिले.

१९०५ पासून ते तामनरासेतला तुआरेग लोकांत राहू लागले. मिस्सा हवी तर हा मुलूख सोडावा लागणार. येथे राहावे तर मिस्सेला मुकावे लागणार. ज्याचे सारे जीवन वेदीभोवती फिरत होते, त्याच्यासाठी ही निवड किती जड गेली असेल! पूर्वी त्यांनी मिस्सेलाच अग्रक्रम दिला असता. आता त्यांनी राहणे पत्करले.

त्या वर्षी दीर्घ अवर्षणाने दुष्काळ पडला होता. जवळचे धान्य फुकोंनी भुकेल्यांना, विशेषतः मुलांना, वाटून टाकले. १९०८ च्या जानेवारीत ते स्वतःच अंथरुणाला खिळले. हालचाल केली की धाप लागे. तेव्हा मुसलमान तुआरेग शेजाऱ्यांनी आसपासच्या शेळ्यांचे मिळेल तेवढे दूध गोळा करून त्यांना पाजले. आजवर देणारा हा माणूस आता घेणारा झाला. माझ्या मते त्यांच्या एकांताचे खरे वळण येथे आहे. त्याच जानेवारीच्या अखेरीस पोप दहावे पायस यांनी त्यांना एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिल्याची वार्ता आली. त्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही.

या संताच्या चित्रात एक सावलीही आहे आणि ती पुसू नये. फ्रेंच लष्कराच्या वाटेनेच ते या प्रदेशात आले, अधिकाऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, आणि महायुद्धाच्या काळात गावकऱ्यांच्या आश्रयासाठी बांधलेल्या त्यांच्या गढीत बंदुकाही होत्या. पण त्याच माणसाने वर्षानुवर्षे खपून तुआरेग भाषेचा शब्दकोश रचला, त्यांच्या कविता टिपून घेतल्या. तो कोश चार खंडांत प्रसिद्ध झाला तो १९५१-५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. त्यांनी मनाशी धरलेला संघही हयातीत उभा राहिला नाही. त्यांच्या प्रेरणेने येशूचे लहान बंधू हा संघ १९३३ साली सुरू झाला. पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी त्यांना संत घोषित केले.

१ डिसेंबर १९१६ च्या सायंकाळी हल्लेखोरांनी त्यांना गढीच्या दारातून बाहेर ओढले. पहाऱ्यावरील एका गोंधळलेल्या तरुणाने गोळी झाडली. काही आठवड्यांनी फ्रेंच सैनिक तेथे पोहोचले, तेव्हा लुटीनंतर विखुरलेल्या कागदपत्रांजवळ, वाळूत, पवित्र साक्रामेंताचे छोटे मॉन्स्ट्रन्स पडलेले त्यांना सापडले.