'म्युनिसिपल': पाटीवरच्या एका शब्दाचा इतिहास

१/५
ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. दोन्हींच्या इंग्रजी पाट्यांवरील 'म्युनिसिपल' हा शब्द मात्र प्राचीन रोममधून आलेला आहे.

२/५
लॅटिनमध्ये 'मूनुस' म्हणजे कर्तव्य आणि 'कापेरे' म्हणजे घेणे. कर्तव्याचा भार उचलणारा नागरिक तो 'मूनिकेप्स'. इटलीतील जी नगरे रोमच्या राज्यात सामील झाली, त्यांचा स्थानिक कारभार बहुधा त्यांच्याकडेच राहिला. मोबदल्यात रोमसाठी सैन्यसेवेसारखी कर्तव्ये त्यांच्यावर आली. अशा नगरास 'मूनिकिपिउम' म्हणत.

३/५
'मूनुस' ओळखता आला, की इतर शब्दही उलगडतात. नकारार्थी उपसर्ग लागून झालेल्या 'इम्युनिटी'चा मूळ अर्थ कर्तव्यातून सूट. रोगापासून सूट हा अर्थ पुढे वैद्यकाने दिला. 'कॉम' म्हणजे सह; म्हणून 'कम्युनिटी'च्या मुळाशी सामाईक कर्तव्याची कल्पना आहे.

४/५
'मेयर'चे मूळ लॅटिन 'मायोर', म्हणजे अधिक मोठा. 'मेजॉरिटी'ही त्याच कुळातील. त्यासाठी सावरकरांनी 'महापौर' हा शब्द दिला. पुराचा रहिवासी तो 'पौर', त्यास 'महा' जोडले. घटक संस्कृत, रीत तीच.

५/५
'नगरपालिका' या शब्दात 'पाल्' हा धातू आहे: सांभाळणे. मराठी शब्द नगर सांभाळणाऱ्या संस्थेकडे बोट दाखवतो, तर लॅटिन शब्द भार उचलणाऱ्या नागरिकाकडे. एकाच पाटीवर हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. शहराला दोघांचीही गरज आहे.