रक्ताचं नातं घराबाहेरही सापडतं

बचत गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. रक्ताचा कर्करोग झाला की सगळं संपलं का? आज आम्ही या आजारावरच्या उपचाराचा इतिहास सांगणार आहोत. त्यात डॉक्टर आहेत, तशा बायकाही आहेत.

पहिलं नाव मेहेरबाई टाटांचं. बालविवाह थांबवणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्यासाठी त्यांनी काम केलं होतं. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं त्या विलायतेत वारल्या. घरी पैशाला तोटा नव्हता, पण त्या काळी जगात कुठेच या आजारावर औषध नव्हतं. पती दोराबजी टाटांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं निधी उभा केला, याच आजाराच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टनं १९४१ साली मुंबईत परळला टाटा रुग्णालय सुरू केलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून माणसं कागदांची पिशवी घेऊन जातात, ते हेच.

औषधाची वाट पहिल्यांदा दिसली १९४७-४८ साली. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉक्टर सिडनी फार्बर यांनी आजारी मुलांना एक नवं औषध दिलं आणि काही मुलं काही काळ तरी हसू-खेळू लागली. ते औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज या आजाराच्या कितीतरी रुग्णांना, विशेषतः लहान मुलांना, औषधांनीच बरं करता येतं. सगळ्यांनाच दाता लागत नाही.

मग दाता कुणाला लागतो? रक्त तयार होतं हाडाच्या आतल्या मगजात. तिथे मूळपेशी असतात, म्हणजे रक्ताचं बियाणंच म्हणा. काही रुग्णांत औषधानंतरही आजार उलटतो. तेव्हा वावर साफ करून नवं बी पेरावं, तसं करतात. जालीम औषधानं रुग्णाचा जुना मगज मोडतात आणि दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी शिरेवाटे देतात. अमेरिकेतल्या डॉक्टर डोनाल थॉमस यांनी १९५० च्या दशकात हे सुरू केलं. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

भारतात हे पहिल्यांदा झालं मार्च १९८३ मध्ये, टाटा रुग्णालयात. डॉक्टर होते सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते चाकाच्या खुर्चीवरून काम करत. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मगज दिला तिच्या भावानं. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, या भावानं रक्ताचं बी घातलं.

पण सख्खं भावंडही जुळेलच असं नाही. इथे रक्तगट बघत नाहीत, पेशींवरच्या खुणा बघतात. त्या निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून येतात. म्हणून एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आता निम्म्या जुळणीवरही काही ठिकाणी उपचार होतात, त्यामुळे आईबापही दाते होऊ शकतात. तरीही कुणाचं घरात जमत नाही. मग बाहेर शोधायचं.

बाहेर शोधायची वाट एका आईनं पाडली. शर्ली नोलन यांच्या मुलाला, अँथनीला, जन्मापासून रक्ताचा दुर्मीळ आजार होता. घरात कुणी जुळेना. १९७४ साली त्यांनी लंडनमध्ये दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनीला दाता मिळालाच नाही. १९७९ साली तो गेला, पण आईची वही बंद पडली नाही. आज जगभरच्या अशा नोंदवह्यांत चार कोटींहून जास्त नावं आहेत.

भारतातही अशा नोंदवह्या आहेत. चेन्नईची दात्री संस्था २००९ सालची. पण आपल्या एवढ्या मोठ्या देशात नावं फक्त काही लाख. या खुणा पूर्वजांकडून येत असल्यानं जुळणारा माणूस बहुधा आपल्याच मुलखात, आपल्याच लोकांत सापडतो. कोलाम, गोंड, बंजारा, कुणबी, कुठल्याही घरची लेक आजारी पडली, तर तिचा दाता परदेशच्या वहीत मिळणं अवघड. तो पुसद, वणी, घाटंजीच्या एखाद्या घरात असेल, पण त्याचं नाव वहीत नसेल तर त्याला शोधायचं कसं?

नाव नोंदवताना गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात, एवढंच. वय अठराच्या वर आणि साधारण पन्नाशीच्या आत हवं. पुढे जुळणी निघाली तर बहुतेक वेळा हाडाला हात लावत नाहीत. काही दिवस इंजेक्शनं देतात, मग दंडातून रक्त यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करतात. अंग दुखतं, कणकण वाटते. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात. मात्र एक गोष्ट घरात नीट बोलून घ्या. रुग्णाचा मगज मोडल्यावर दाता मागे फिरला, तर रुग्णाचा जीव जातो. म्हणून सासरच्यांशी, नवऱ्याशी आधीच बोला आणि मनापासून तयारी असेल तरच नाव द्या.

आणि मैत्रिणींनो, ताप हटत नसेल, अंग पांढरं पडत असेल, विनाकारण काळेनिळे डाग येत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्त तपासून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात, कार्ड आजच काढून ठेवा. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्या वऱ्हाडच्या बाबांचं नाव तिथेही गरिबाच्या उपयोगी पडतं.

आजारी मुलगा असो की मुलगी, उपचार सारखाच व्हावा. १९८३ साली पहिलं बी पेरलं गेलं ते एका मुलीसाठीच. पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबानंतर हा विषय काढा. कोण कोण नाव देणार, ते ठरवा.