संकेतक, दूरचित्रवाणी

स्टुडिओतून येणारे चित्र व ध्वनी यांतील पुनरावृत्त माहिती गाळून त्यांचा अंकीय प्रवाह आटोपशीर करणारे प्रक्षेपण-उपकरण. व्यवहारात यास ‘एन्कोडर’ म्हणतात. लागोपाठच्या चित्रचौकटींतील स्थिर भाग पुन्हा न पाठविता केवळ झालेला बदल पाठविणे, हे त्याच्या कार्याचे मूलतत्त्व होय. 1990 च्या दशकात रूढ झालेल्या एमपेग-2 या मानकाच्या तुलनेत 2003 मध्ये प्रमाणित झालेले एच.264 (एमपेग-4) हे मानक साधारणतः निम्म्या माहितीत तेवढीच चित्रगुणवत्ता देते. 2013 च्या एचईव्हीसी मानकाने ती गरज पुन्हा सुमारे निम्म्यावर आणली. त्यामुळे संकेतक बदलल्यास त्याच वाहिनीपट्ट्यात अधिक कार्यक्रमवाहिन्या सामावतात. मात्र जुन्या सेट-टॉप बॉक्सला नवे संकेतन उलगडता येत नसल्याने ग्राहकांकडील संचही बदलावे लागतात. याच कारणास्तव डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या उपग्रह-सेवेत (आताची डीडी फ्री डिश) पुढे एमपेग-2 व एमपेग-4 ही दोन्ही मानके शेजारीशेजारी वापरात राहिली.

महाराष्ट्रात दूरदर्शनचे मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण अनुरूप (अॅनालॉग) पद्धतीचे होते व त्यात अशा अंकीय संकेतकाला स्थान नव्हते. 2011 च्या कायदादुरुस्तीने केबलसेवेचे अंकीकरण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. वेण्णा नदीच्या डोंगरवेढ्या खोऱ्यातील मेढा (जावळी तालुका, सातारा जिल्हा) यांसारख्या ग्रामीण ठिकाणांचा समावेश चौथ्या व अखेरच्या टप्प्यात होता; त्याची मुदत 31 मार्च 2017 ही होती.